शेवटची बारा मिनिटे

सोमवार, २३ नोव्हेंबर १९७०

दिवाळीची सुट्टी संपून विद्यालय आज उघडले आणि आजच टेप रेकॉर्डर आला. देवळालीच्या स्टँडवरून आमच्या शिपायाने, भिमाजीने, तो खोका डोक्यावर आणला. दारात टेकवून म्हणाला, "बाई, आत दगड भरल्यात का काय?"

मे महिन्यात पुण्याच्या शिबिरात हे यंत्र पाहिल्यापासून मी प्राचार्यांच्या मागे लागले होते. माझे म्हणणे एवढेच होते की वीस वर्षे मी भावी शिक्षिकांचे सराव पाठ तपासते आहे आणि गुण देते आहे आठवणीवरून. ज्या मुलीचा पाठ सकाळी झाला तिला मी ताजी भेटते, दुपारच्या मुलीला दमलेली. एखादीचा चेहरा आवडतो, एखादीचा नाही. हे मला टोचते. यंत्राला चेहरा दिसत नाही. ते सगळ्यांचे सारखेच ऐकेल.

प्राचार्य रंगनाथराव म्हणाले, "धुमाळबाई, हट्टाने आणलंत, आता वापरा. नाहीतर गणपतीत आरत्या लावायला जाईल."

रिळे दोनच आली आहेत. एकावर शिबिरातले भाषण आहे, ते ठेवायचे. दुसरे कोरे. त्याच्यावरच घ्यायचे, ऐकायचे, पुसायचे आणि पुन्हा घ्यायचे.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

पहिला ध्वनिमुद्रित पाठ. सराव शाळेत वीज नाही, म्हणून तिसरीचा वर्ग आमच्या सभागृहात आणून बसवला. मुले यंत्राकडेच बघत होती. शेवटी भिमाजीने त्यावर पोते टाकले आणि हिरवा दिवा दिसेल एवढी फट ठेवली. आवाज आला की तो दिवा पसरतो, थांबला की आकसतो.

पाठ झुंबर पालवेचा. विषय विहीर. झुंबर पाथर्डीकडची. तिचे आईवडील दर साल दिवाळी झाली की आमच्याकडच्याच कारखान्याचा ऊस तोडायला येतात आणि पाटाच्या पलीकडे पाचटाची कोपी घालून राहतात. घराण्यात शिकलेली ही पहिलीच. मागे एकदा मला म्हणाली होती, "बाई, मी इथं नापास झाले तर पुढच्या सालाला कोयता." मी तेव्हाच ठरवले होते की हिला नापास होऊ द्यायचे नाही.

पाठ पस्तीस मिनिटांचा असायला हवा. तिने एक्केचाळीस घेतली. प्रश्न विचारते आणि नुसती उभी राहते. मी मागे बसून लिहीत होते, मान वर करायला फुरसत नव्हती. तिला भान यावे म्हणून दोनतीनदा पेन्सिल बाकावर वाजवली.

मुले गेल्यावर रीळ लावून पुन्हा ऐकले. त्यासाठी मी एक तक्ता केला आहे. उच्चार, खंड, वेळ असे तीन रकाने. मुलांची बोलणी आली की रीळ पुढे पळवले, त्यामुळे काम लवकर आटोपले. णच्या जागी न, बावन्न वेळा. "हाय", "न्हाई", "व्हय" मिळून एकतीस वेळा. पाच सेकंदांहून मोठे खंड सतरा. पंचवीसपैकी नऊ गुण दिले. वाईट वाटले, पण एकही गुण मी अंदाजाने कापलेला नाही. प्रत्येकाला पुरावा आहे.

मंगळवार, १ डिसेंबर

आज सगळ्या वर्गासमोर झुंबरच्या पाठाची पहिली दहा मिनिटे लावली. चूक आली की थांबवायचे, रीळ मागे फिरवायचे, पुन्हा ऐकायचे. "विहिरीचं पानी", थांब. "कोन सांगल", थांब. चौथ्या-पाचव्या वेळी मुली हसू लागल्या. मी दटावले. पण मागे फिरवताना यंत्र किचकिच आवाज करते, त्यालाही त्या हसत होत्या, आणि कशाला हसतात ते वेगळे काढता येईना.

झुंबर हसली नाही, रडलीही नाही. तास संपल्यावर यंत्रापाशी येऊन तिने विचारले, "बाई, मी अशी बोलते?"

"ऐकलंस ना आता?"

"व्हय," म्हणाली आणि लगेच, "होय."

बरोबर केले का, हा प्रश्न दिवसभर मनात आहे. नाव न सांगता लावता आले असते. पण आवाज तर ओळखू आलाच असता. मीही याच वाटेने आले आहे. पुण्याला वसतिगृहात पहिल्या वर्षी मी "लई" म्हणाले की मुली एकमेकींकडे बघत. राहात्याहून आलेली म्हणून माझे नावच त्यांनी "लई" पाडले होते. सहा महिन्यांत माझी भाषा स्वच्छ झाली. त्या हसल्या नसत्या तर मी सुधारले असते का, सांगता येत नाही.

शनिवार, १२ डिसेंबर

झुंबरची प्रगती थक्क करणारी आहे. वसतिगृहाच्या बाई सांगतात, ती पहाटे आरशासमोर उभी राहून धडे म्हणते. पंगतीत पूर्वी तिच्या बोलण्याने गलका व्हायचा. आता मुकाट जेवते. मन लावून घेतले आहे पोरीने.

आज तिची आई भेटायला आली होती. केशरबाई. हाताला पाचटाचे ओरखडे, पदरात बांधलेले शेंगदाणे. मी व्हरांड्यातच होते, म्हणून कानावर आले.

"आगं, वाळून गेली की. खाती का न्हाई?"

"जेवते मी व्यवस्थित. तुम्ही बसा ना."

केशरबाई इकडेतिकडे बघू लागली. "कुनाला म्हंती, तुमी?"

"तुम्हालाच, आई."

"आत्ता गं बया! मला आवो-जावो?" ती मोठ्याने हसली. मग हसणे थांबवून पदराची गाठ सोडत बसली. निघताना मला म्हणाली, "बाई, लेक लई शिकली बगा. आता आमच्याशी बोलायला तिला इचार करावा लागतो."

मी म्हटले, "मेहनत तिची आहे, केशरबाई." इतके मोकळे कौतुक फार पालक करत नाहीत. बरे वाटले.

सोमवार, ४ जानेवारी १९७१

पुण्याहून पत्र. फेब्रुवारीअखेर शिबिराचे दुसरे सत्र आहे. तिथे प्रत्येकाने यंत्र कसे वापरले याचा अहवाल वाचायचा. झुंबरचा पहिला आणि दुसरा पाठ शेजारी शेजारी ठेवून दाखवावा असा विचार आहे. पण रीळ एकच. पहिला पाठ पुसूनच दुसरा घ्यावा लागणार. तक्ता आहे, तो पुरे. आकडे तर सगळे त्यातच आहेत.

मंगळवार, १९ जानेवारी

झुंबरचा दुसरा पाठ. विषय तोच, मुले तीच. मुद्दामच तसे केले, म्हणजे तुलना चोख होईल.

एकही "न" नाही. एकही "हाय" नाही. पाच सेकंदांहून मोठा खंड एकही नाही. प्रश्न विचारी, मुलांकडून उत्तर यायला वेळ लागतो असे दिसले की स्वतः सांगून पुढे जाई. वेळ एकोणतीस मिनिटे. थोडा लवकर संपला हाच काय तो दोष. एकवीस गुण दिले. नऊवरून एकवीस. वार्षिक परीक्षेचा पाठ पुढच्या महिन्यात आहे. बाहेरून परीक्षक येतील, तेरा मिळवले की ती पास. आता काळजी उरली नाही.

पाठ संपल्यावर "शाब्बास" म्हटले. ती म्हणाली, "आपली कृपा." हे तिला कोणी शिकवले कोण जाणे.

बुधवार, २० जानेवारी

जे झाले ते क्रमाने लिहिते.

दुपारी मी कार्यालयात अहवाल लिहीत बसले होते. शेजारच्या खोलीत भिमाजीने कालचे रीळ लावले होते. त्याला यंत्राची आता सवय झाली आहे. झाडता झाडता ऐकत बसतो. थोड्या वेळाने दारात येऊन उभा राहिला.

"बाई, काल सुट्टी हुती का?"

"का रे?"

"ह्या टेपात पोरं न्हाईत."

मी म्हटले, "चाळीस मुलं होती. तूच त्यांना बसवलंस."

"बशिवली मीच. पन आवाज कुठाय त्यांचा? नुसती पालवेबाईच बोलती. येकटीच."

मी जाऊन बसले. खरेच होते. एकोणतीस मिनिटांत मुलांचा आवाज चार वेळा आहे. चारही वेळा सगळी मिळून "होऽय बाई" म्हणतात. मी काल तिथे हजर होते आणि मला हे जाणवले नव्हते.

पाठ संपला. "शाब्बास" हा माझा आवाज. मग खट्. मी यंत्र बंद करायला उठणार, तोच रीळ पुढे बोलू लागले.

दुसरा पाठ लहान होता. त्यामुळे तेवढ्यापुरतेच पुसले गेले. पहिल्या पाठाची शेवटची बारा मिनिटे तशीच राहिली आहेत.

झुंबरचा जुना आवाज. "आन पाट बंद असला मंग? मंग विहिरीला पानी कुठून येतं?" आणि मग खंड. मी घड्याळ लावले. नऊ सेकंद. कावळा, कोणाची तरी पाटी. मग एक मुलगा म्हणतो, "खाली झरा हाय, बाई." झुंबर म्हणते, "व्हय. त्या झऱ्याला कोन देतं?" पुन्हा खंड. कोणी एक म्हणते देव, दुसरा म्हणतो धरण, दोघांची जुंपते. ती मध्ये पडत नाही. मग एक बारीक आवाज, मुलीचा:

"आमच्या गावाला पाट न्हाई. धरन न्हाई. तरी विहीर हाय. पाऊस भुईत मुरतो, त्येच पानी. थोडा मुरला तर थोडं. संपलं का आमी हिकडं येतो."

भिमाजी म्हणाला, "ही बनू. कोपीवरची. हिचं नाव पटात न्हाई, भावाला संबाळत मागं बसती."

झुंबर विचारते, "आन मंग मुरलेलं पानी किती दिस टिकतं?" पुन्हा शांतता. त्या शांततेत टक् टक् टक् असा आवाज येतो. मला वाटले रिळात बिघाड आहे. मागे फिरवून पुन्हा ऐकले.

"त्ये तुमी हाय, बाई," भिमाजी म्हणाला. "पेन्शीलीचा."

टक्‌टक् झाल्याबरोबर बनूचा आवाज "बाई, मी—" एवढा येतो आणि झुंबर घाईने म्हणते, "बरं, पुढं बघू."

बनू काय सांगणार होती ते आता कळायचे नाही. आधीची एकोणतीस मिनिटे तर मीच पुसली. तक्ता काढून पाहिला. त्यात बावन्न "न" आहेत, सतरा खंड आहेत. मुलांनी काय सांगितले त्याला रकानाच नाही.

शनिवार, २३ जानेवारी

झुंबरला बोलावून ती बारा मिनिटे ऐकवली. ऐकताना ती बोटाने ओचा चुरगळत होती.

मी म्हटले, "तुझा पहिला पाठ चांगला होता. मला तेव्हा कळले नाही."

तिने चुरगळलेला ओचा सारखा केला.

"पुन्हा तसा घेऊन बघशील?"

"बाई, आता जमत न्हा— नाही." मग एकदम तिचा आवाज चढला. "आधी तुम्ही म्हणालात असं बोलू नको, थांबू नको. आता म्हणता थांब, बोल. नक्की काय करू, ते एकदाचं लिहून द्या. मी पाठ करते."

मी यंत्र बंद केले.

ती खाली बघत म्हणाली, "मला पास व्हायचंय, बाई. बाकी काही नको."

तिचे खरे आहे. बाहेरचे परीक्षक म्हणून जे गृहस्थ येणार आहेत, ते वेळेला आणि उच्चारांना कडक म्हणून प्रसिद्ध आहेत. मीच नाही का वीस वर्षे तशी होते? माझ्या मनाला बरे वाटावे म्हणून मी तिला तिचे वर्ष पणाला लावायला सांगू शकत नाही. म्हटले, "परीक्षेला दुसऱ्या पाठासारखाच घे."

"होय," म्हणाली.

सोमवार, १ फेब्रुवारी

गेल्या आठवड्यात तिसरीच्या मुलांवर मी स्वतः एक पाठ घेतला आणि तो शिबिराच्या भाषणावर मुद्रित केला. भाषण पुसले गेले. पहिल्या पाठाची बारा मिनिटे पुसण्यापेक्षा ते बरे. काल एकटीने ऐकले. मी चौतीस प्रश्न विचारले. प्रश्न संपल्यापासून मी पुन्हा बोलू लागेपर्यंत दोन सेकंदही जात नाहीत. एका ठिकाणी एक मुलगा "पन बाई" म्हणतो आणि मी "पण" असे सांगून पुढे जाते. त्या "पन"च्या पुढे तो काय म्हणणार होता?

आज सगळ्या वर्गाला आधी माझा पाठ ऐकवला, मग झुंबरची बारा मिनिटे. कुठेही थांबवले नाही. पेन्सिलीची टक्‌टक् आली तेव्हा "ती मी" असे सांगितले. या वेळी कोणी हसले नाही. फक्त गोरेगावची एक मुलगी म्हणाली, "बाई, आता आम्ही सगळ्यांनीच थांबायचं का?" मी म्हटले, "थांबून काय ऐकलं ते लिहून आणा. उगीच थांबू नका."

झुंबर मागच्या बाकावर होती. माझ्याकडे पाहत नव्हती.

नंतर प्राचार्यांकडे गेले. पहिल्या पाठाचे नऊ खोडून अठरा करायचे म्हणून परवानगी मागितली. ते म्हणाले, "सही केलेले गुण बदलायचे तर कारण लिहावं लागतं. काय लिहिणार?"

मी तिथेच लिहिले, "तपासणाऱ्याने मुलांचे ऐकले नाही."

त्यांनी दोनदा वाचले. "यंत्र आणलं मुलींना सुधारायला, आणि सुधारायला लागलात तुम्हीच! हे पुण्याच्या अहवालात घालू नका म्हणजे मिळवली."

घालणार आहे. दुसऱ्या पाठाच्या एकवीसांना मात्र हात लावला नाही. ते तिने माझ्यापायीच मिळवले होते.

एक गोष्ट आज आठवली म्हणून लिहिते. पुण्याच्या बैठकांत मी आजवर कधी पहिली बोललेले नाही. वाक्य आधी मनात तयार करते, तपासते, तोवर विषय पुढे गेलेला असतो. मी याला संयम समजत होते.

बुधवार, १७ फेब्रुवारी

वार्षिक पाठ. झुंबरला चिठ्ठीत विषय आला सावली. पुन्हा तीच तिसरी. सकाळपासून वीज नव्हती. भिमाजी यंत्राजवळ नुसताच बसला होता. परीक्षक पहिल्या रांगेच्या बाजूला खुर्चीवर, घड्याळ मांडीवर. मी मागे. पेन्सिल मुद्दामच कार्यालयात ठेवून आले होते.

सुरुवात तिने दुसऱ्या पाठासारखीच केली. शुद्ध, भरभर, न अडखळता. मी मनात ठीक म्हणत होते आणि ते मला ऐकवतही नव्हते. दहाएक मिनिटांनी तिने विचारले, "दुपारी सावली लहान का होते?" कोणी बोलेना. आता ती स्वतः सांगेल, असे वाटले. तिने तोंड उघडलेही. मग तिने वर्गावरून माझ्याकडे पाहिले. माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. हात मांडीवर रिकामे होते.

तिने तोंड मिटले आणि उभी राहिली.

किती वेळ ते माहीत नाही. मी मोजले नाही. परीक्षकांनी घड्याळ उचलले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा ठेवले. झुंबरच्या कपाळावर घाम आलेला माझ्या जागेवरून दिसत होता. मला उठून तिच्या वतीने उत्तर द्यावेसे वाटले, इतके ते सोसवत नव्हते. मग मागून बनू बोलली. तिच्यानंतर आणखी तिघे-चौघे. पाठ एकोणचाळीस मिनिटे चालला.

बाहेर आल्यावर परीक्षकांनी विचारले, "मध्ये विसरली होती का मुलगी?"

"नाही. थांबली होती."

"भाषाही पुढेपुढे घसरली."

"मुलांशी बोलत होती ती."

त्यांनी शेऱ्यात "पाठात खंड. उच्चार सदोष." असे लिहिले. त्यापुढचे रकाने भरताना थोडे थांबले. पंचवीसपैकी तेरा दिले. एकही जास्त नाही. पास.

झुंबरला सांगितले तेव्हा ती मट्‌कन पायरीवर बसली. मग म्हणाली, "कोपीवर जाऊन येऊ का, बाई? आयला सांगून येते." गेलीसुद्धा. "आई" नाही, "आय" म्हणाली.

त्या बारा मिनिटांचे रीळ डब्यात घालून वर "पुसू नये" असे लिहिले. आजचा पाठ मात्र कशावरच नाही, वीज नव्हती. म्हणून बनू जे बोलली ते विसरण्याआधी, जसे बोलली तसे इथे लिहून ठेवते:

"सूर्य पार डोक्यावर येतो. मंग सावलीला पळायला जागाच ऱ्हात न्हाई. ती पायाखाली बसती. तवा आय कोयता खाली ठेवती, आन आमी भाकर खातो, पानी पितो."

झुंबर म्हणाली, "व्हय. आन मंग?"